माझ्या अंगणवाडीतली सगळ्यात गुणी मुलगी

तपासणीची गाडी आली होती. डॉक्टरीणबाई एकेका पोराला पुढं बोलवत होत्या. श्रावणीचं नाव आलं तसं मीच म्हणाले, "हिचं काय बघायचं? ही माझ्या अंगणवाडीतली सगळ्यात गुणी मुलगी." बाईंनी तिचे दात बघितले, पापणी खाली ओढून रक्त बघितलं, नावापुढं बरोबरची खूण केली आणि पुढच्या पोराला हाक मारली. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा आली. या वेळी बाईंनी श्रावणीला नावानं हाक मारली, तर ती वळलीच नाही. बाई दुसऱ्यांदा हाक मारणार तेवढ्यात मी मध्ये तोंड घातलं, "अहो, कामात असते ती. फार गुणी आहे." झालं. पुन्हा बरोबरची खूण.

माझ्या या दोन वाक्यांपायी त्या पोरीचं सव्वा वर्ष हातचं गेलं.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. वीस वर्षांच्या वयात केलेल्या मूर्खपणाला तरण्या रक्ताचा दोष म्हणता येतं. मी सगळी अक्कल गोळा झाल्यावर केला. भूम तालुक्यातल्या ईटपासून चार किलोमीटरवरच्या आमच्या गावात अंगणवाडी काढून मला तीस वर्षं होत आली होती. पर्यवेक्षिका नव्या सेविकांना माझी रजिस्टरं दाखवायला आणायच्या. पोरगं दारातून आत येऊन चपला काढेपर्यंत त्याची कुंडली मी सांगू शकते, असा माझा समज होता, आणि तो मी चारचौघींत बोलूनही दाखवायची. आज ती बाई मला कुठं भेटली तर मी तिला कोपऱ्यात बसवून चिंचोके मोजायला लावीन.

अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटायची जागा, असं ज्यांना वाटतं त्यांना दोन शब्द सांगते. बाई गरोदर राहिली की तिचं नाव आमच्याकडं चढतं, आणि तिचं पोर सहा वर्षांचं होऊन शाळेत जाईपर्यंत ते आमचं. लस, वजन, उंची, दंडाचा घेर, घरी न्यायचा आहार, घरोघरच्या भेटी, आणि शेवटी शेवटी तर हे सगळं मोबाइलात भरायचं. त्या मोबाइलानं मला जेवढं रडवलं तेवढं सासूनंसुद्धा रडवलं नाही. पण या सगळ्याचा जीव वजनात. आईजवळच्या कार्डावर तीन पट्टे असतात. टिंब लाल पट्ट्यात गेलं की आमची झोप उडते, पिवळ्यात आलं की अंडं-शेंगदाणे सुरू, आणि हिरव्यात असलं की पोर चांगलं. त्याच कार्डाच्या आतल्या पानांवर चित्रं होती. पोर कितव्या महिन्यात हसतं, कधी नाव घेतल्यावर बघतं, कधी बोट करून दाखवतं. ती पानं मी हजार वेळा उलटली असतील, वजनाच्या पानापर्यंत पोचायला.

श्रावणी कायम हिरव्यात. मनीषा तिला वयाच्या तिसऱ्या वर्षी घेऊन आली. मनीषा म्हणजे आमच्या कौसाबाईची सून, कळंबकडची, अबोल. पहिल्या दिवशी सगळी पोरं आईच्या पदराला लोंबकळतात, भोकाड पसरतात. श्रावणीनं आईकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. सरळ चिंचोक्यांच्या डब्याकडं गेली, आणि भिंतीकडेनं एकेक चिंचोका लावत सुटली. दोरी लावल्यासारखी रांग. मधला एक कुणी उचलला तर ती रडायची नाही, भांडायची नाही. दुसरा आणून तिथं ठेवायची. बाकी बावीस पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत असायची आणि ही आपली रांगेत. मला वाटायचं, बावीसांमागं असं एक तरी पोर देवानं द्यावं.

हाक मारली तर बघायची नाही. मी म्हणायची, तंद्री लागलीय. पाणी पाहिजे असलं तर माझं मनगट धरून माझा हात माठावर नेऊन ठेवायची, माझ्या तोंडाकडं न बघता, पक्कड ठेवावी तसा. मी म्हणायची, बघा किती हुशार, बोलण्यात वेळ घालवत नाही. एकही शब्द बोलत नव्हती. मनीषानं भीत भीत विचारलं तेव्हा मी तिला म्हणाले, "बोलंल गं. माझ्या नणंदेचा पोरगा पाचव्या वर्षी बोलला. आता बायकोला बोलू देत नाही." मनीषा हसली. मलाही बरं वाटलं. आम्हा दोघींना बरं वाटलं की विषय संपायचा.

एकच खोड होती. रोज अकराच्या सुमारास श्रावणी गायब व्हायची. शोधलं की मागच्या बाजूला, हातपाय धुवायच्या दगडापलीकडं, दोन्ही कान दाबून बसलेली. मी निदान केलं की तिला खिचडी आवडत नाही. माझी मदतनीस हलीमा. वीस वर्षं माझ्यासोबत, पोरं तिला खाला म्हणायची. ती एके दिवशी म्हणाली, "बाई, इसकू कुकरच्या शिट्टीचा तरास होतोय. वास न्हाय आला अजून, त्याच्या आधीच पळती बगा."

"काहीतरी काढू नको, हलीमा. शिट्टीला काय भ्यायचं?"

दुसऱ्या दिवसापासून कुकरचं रबर खराब झालं. दुरुस्तीला टाकलंय म्हणून हलीमा पातेल्यात खिचडी शिजवायला लागली, आणि श्रावणी अकरा वाजता जागेवर राहायला लागली. मला वाटलं, माझ्या समजावण्यानं राहिली. ते रबर पुढची कितीतरी वर्षं खराबच होतं. निवृत्तीच्या दिवशी हलीमानं ते माझ्या हातात ठेवलं, चांगलं नवं कोरं, आणि दात काढून हसत बसली.

मग आला पोषण महिना आणि सुदृढ बालक स्पर्धा. पहिला नंबर कुणाला? माझ्या मनात शंकाच नव्हती. वजन हिरवं, उंची हिरवी, स्वभाव सोन्याचा. मनीषानं तिला नवीन फ्रॉक घातला, चमकीचा. तो घालताना पोरगी अंग चोरत होती, मान खाजवत होती. मी म्हणाले, सवय होईल. पाहुणे आले तशी पोरांनी हलगी धरली, माइक किंचाळला, आणि मी "प्रथम क्रमांक!" असं ओरडून श्रावणीला उचलून टेबलावर उभी केली. सगळं गाव एकदम टाळ्या वाजवायला लागलं.

तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मी तिचा पहिल्यांदा ऐकला. ती टेबलावरून माझ्या अंगावर पडली, माझ्या मनगटाला कडकडून चावली, आणि खाली पडून जमिनीवर डोकं आपटायला लागली. मी काय करावं? मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि माइकमध्ये म्हणाले, "असं करायचं नसतं, बाळा. सगळे बघतेत." फोटोवाला थांबला होता ना. मागून कुणीतरी बोललं, "बाई, ही सुदृढ व्हय?" आणि हशा पिकला. मनीषा गर्दीतून आली, पोरीला माझ्या हातातून ओढून घेतली आणि छातीशी धरून पळत गेली. बक्षिसाचा डबा तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून श्रावणी आली नाही. मी रागावले होते. कुणावर, ते आता सांगता येत नाही. मनीषावर असणार, कारण ती समोर नव्हती. "घरी लाडावून ठेवली असणार," असं मी हलीमाला म्हणाले. हलीमानं तांदूळ निवडता निवडता माझ्याकडं बघितलं आणि परत तांदळाकडं बघितलं.

दोनेक महिन्यांनी, या खेपेला बरीच लांबलेली, गाडी तिसऱ्यांदा आली. त्याच डॉक्टरीणबाई. "ती तुमची गुणी मुलगी कुठंय?" मी तक्रारीच्या सुरात सगळं रामायण सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"नाव घेतल्यावर बघायची?"

"तंद्रीत असते हो."

"बोट करून दाखवायची? कावळा बघ, बस बघ, असं?"

"बोट नाही. हात धरून न्यायची."

"बाहुलीला जेवू घाल, झोपव, असं खोटं खोटं खेळायची?"

"चिंचोके लावायची. फार सरळ लावायची."

माझी उत्तरं माझ्याच कानाला विचित्र लागायला लागली. बाई म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत." आणि म्हणता म्हणता अडखळले, कारण त्यांनी विचारायला सुरुवात केली होती, दुसऱ्या वेळी, आणि विचारू कुणी दिलं नव्हतं? ते त्यांना आठवत नव्हतं. मला आठवत होतं. त्यांनी जिल्ह्याच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली आणि सांगितलं, "स्वमग्नता असू शकते. नक्की तिथं कळेल. उशीर करू नका."

स्वमग्नता. म्हणजे स्वतःत मग्न. आता आमचे हे पेपर वाचताना घराला आग लागली तरी पान उलटून झाल्यावर उठतील. त्यांनाही हेच म्हणायचं का? काही उमजेना. चिठ्ठी पदराला बांधून मी मनीषाच्या रानात गेले.

ज्वारीची खुरपणी चालली होती. बांधावरच्या लिंबाखाली श्रावणी बसली होती, आणि तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी होती. पट्टीचं दुसरं टोक झाडाला. मला बघून कौसाबाईनं तोंड फिरवलं. मी मनीषावरच घसरले, "लाज वाटत नाही? लेकराला गुरासारखं बांधतीस?"

अबोल मनीषानं खुरपं खाली टाकलं. "ती विहीर दिसायलीय का तुमाला? दोनदा काठावर गेली. पाण्याकडं बगत बसती. हाक मारलेली ऐकू येत न्हाय तिला. म्या खुरपू का तिच्यामागं पळू? पट्टी मऊ हाय. म्या माझ्या हातावर बांधून बगितली आदी." मग जरा थांबून म्हणाली, "अंगणवाडीत बसत व्हती तवा बांधावं लागत नव्हतं."

मी चिठ्ठी काढली. कौसाबाई म्हणाली, "दवाखाना कशाला? हिनं सूर्याच्या गिराणात भाजी चिरली व्हती पोटुशी असताना. म्या सोनारीच्या भैरोबाला नवस बोलून आलेय. व्हईल नीट." एरवी मी तिला शास्त्र शिकवलं असतं. पण त्या दिवशी मी चिठ्ठी मनीषाच्या हातात दिली. तिनं भैरोबावर सोडलं होतं, मी हिरव्या पट्ट्यावर. फरक काय होता?

धाराशिवला आम्ही तिघी एसटीनं गेलो. भूमला गाडी बदलायची. हॉर्न वाजला की श्रावणी कान दाबून सीटखाली शिरायची, आणि बाकीचे प्रवासी मनीषाला शिकवायचे. एक म्हातारी म्हणाली, "चापट द्या एक." मी तिच्याकडं असं बघितलं की ती खिडकीकडं वळली. पण दोन महिन्यांपूर्वी ती म्हातारी मीच होते, हे मला माहीत होतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या मुलांच्या तपासणी केंद्रात बाकड्यावर शेजारी कळंबचा एक पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा. तो अखंड बोलत होता. कुठली एसटी किती वाजता सुटते, कुठं थांबते, परतीची किती वाजता. आम्ही कुठून आलो ते कळल्यावर मला म्हणाला, "तुमची भूमची गाडी पावणेचारला आहे, पण ती नेहमी उशिरा येते." आईनं कौतुकानं आणि कंटाळून त्याचा हात दाबला. मी विचारलं, "याला काय झालंय?" ती म्हणाली, "ऑटिझम. स्वमग्नता म्हणतेत ते." आणि आत आमच्या श्रावणीलाही दिवसभराच्या तपासण्या करून, आधी कान नीट आहेत ना बघून, खेळवून, मनीषाला तासभर विचारून, तेच सांगितलं.

माझं डोकं फिरलं. एक बोलायचं थांबत नाही, एक बोलायला लागत नाही, आणि दोघांना एकच? तिथल्या ताईंना मी म्हणाले, "बाई, तुमची काहीतरी गफलत होतेय."

त्या हसल्या. "आजी, मेंदूची घडण वेगळी असते. पण सगळ्यांची एकसारखी वेगळी नसते. कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला कपड्याची शिवण सोसत नाही. कुणाला शब्द सापडत नाहीत, कुणाला शब्द थांबवता येत नाहीत. दोघांनाही समोरच्याशी देवाणघेवाण अवघड जाते. ती तिला तिच्या पद्धतीनं, त्याला त्याच्या पद्धतीनं."

"बरी कधी होईल?"

"हा ताप नाही उतरायला. पण आपण तिच्यासाठी गोष्टी सोप्या केल्या तर ती शिकेल. किती शिकेल ते आज मला सांगता येणार नाही."

मनीषा मान खाली घालून म्हणाली, "माझ्यामुळं झालं का?" ताई म्हणाल्या, "नाही. तुमच्या वाढवण्यामुळं नाही, मोबाइलमुळं नाही, घाबरल्यामुळं नाही." मी शासनाची प्रशिक्षणं घेतलेली सेविका, पण खोटं कशाला बोलू, हळूच वाकून विचारलंच, "ग्रहणाचं काही नसतं ना?" "नसतं, आजी." मनीषानं तेव्हा जो श्वास सोडला तो बाकड्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेला असेल.

निघताना ताईंनी विचारलं, "हिच्या वागण्याकडं आधी कुणाचं लक्ष गेलं नव्हतं का? लवकर आलं की जास्त मदत करता येते." मनीषानं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतली पाण्याची बाटली शोधायला लागले. बाटली हातातच होती.

श्रावणी परत अंगणवाडीत यायला लागली, आणि पुढची दोन वर्षं मी पुन्हा शिकाऊ झाले. आदल्या दिवशी कळलं असं वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी ते चुकीचं निघायचं. जुन्या पोषणाच्या तक्त्यांतली चित्रं कापून मी पुठ्ठ्यावर चिकटवली. पाणी, खिचडी, शू, घर, झोका. दिवसात कशामागून काय येणार ते भिंतीवर ओळीनं लावून ठेवलं, म्हणजे तिला पुढचं आधी दिसावं. एक कार्ड ताईंनी मुद्दाम करायला सांगितलं होतं, "नको"चं. लाल फुली. मला ते पटलं नव्हतं. नको म्हणायला कशाला शिकवायचं? पोरं आपोआप शिकतात ते.

चार महिने काही झालं नाही. पाण्याचं कार्ड मी तिच्या हातात द्यायची, ती ते भिंतीशी रांगेत लावायची. हलीमा म्हणायची, "बाई, रांग तर रांग, कार्डं हातात घेती ना?" मनीषा रोज दुपारी येऊन दारातूनच डोळ्यांनी विचारायची आणि मी नाही म्हणून मान हलवायची. कौसाबाईनं गावात सांगितलं होतं की सून आणि बाई मिळून पोरीला पत्ते खेळायला शिकवायल्यात.

एक दिवस मी पोरांना गोल बसवून गाणं म्हणत होते. माझा आवाज खणखणीत आहे, तीस वर्षं त्याची ख्याती होती. दुसऱ्या कडव्याला श्रावणी उठली. भिंतीपाशी गेली, रांगेतून लाल फुली उचलली, आली, आणि माझ्या मांडीवर ठेवली. मग तिथंच उभी राहिली.

मी गायचं थांबवलं. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या बांगड्यांकडं बघत होती. पण थांबली होती. मी काय करते ते बघायला. हलीमानं तोंडात पदर कोंबला. "बाई, तीस साल में किसी की हिम्मत नहीं हुई थी!" मला हसू येत होतं आणि रडूही, आणि पोरं विचारत होती, "बाई, पुढचं म्हणा की!" मी म्हणाले, "नाही. श्रावणी नको म्हणतेय." माणसाशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

त्या दिवशी मनीषा आली तेव्हा मी मान हलवली नाही. कार्डच तिच्या हातात दिलं. ती ते उलटंपालटं करून बघत राहिली. मला कळेना, तिला आनंद झाला की आपल्या लेकीनं पहिल्यांदा म्हटलं ते "नको" याचं वाईट वाटलं. विचारलं नाही. बायकांचं सगळं मला कळतं, हा माझा भ्रम तोवर उतरला होता.

मग पाणी आलं, झोका आला, घर आलं. पाच वर्षांची असताना शब्दही आले, थोडे, घासून पुसून ठेवल्यासारखे. लुगड्याची पट्टी सुटली. सहा पूर्ण झाल्यावर ती गावच्या शाळेत पहिलीत गेली, पुढं मी निवृत्त झाले, आणि गावभर सांगत फिरले की एक तरी पोर मी वाचवलं. सव्वा वर्षाचं कुणाला सांगितलं नाही. मनीषालाही नाही.

हे सगळं लिहायला बसले ते गेल्या पावसाळ्यातल्या एका दुपारमुळं. माझी नात त्याच शाळेत आहे, तिची विसरलेली छत्री द्यायला गेले होते. खिडकीतून तिसरीचा वर्ग दिसला. पोरं पाढे म्हणत होती. श्रावणी शेवटच्या बाकावर एकटी, खडूचे तुकडे ओळीनं लावत बसलेली. चेहरा शांत. गुरुजी नवीन आहेत, भला माणूस आहे, पोरं त्यांच्यावर जीव टाकतात. बाहेर येऊन मला म्हणाले, "आजी, तुमची श्रावणी ना, फार गोड मुलगी. काही त्रास नाही तिचा. एवढी चाळीस पोरं, पण हिच्यामागं पळावं लागत नाही." कौतुकानंच म्हणाले.

मी तिची वही मागितली. जूनच्या पहिल्या पानावर तिचं नाव होतं, मनीषाच्या अक्षरात. पुढची सगळी पानं कोरी. चित्रांची कार्डं कपाटात, तीही नीट रबर लावून ठेवलेली. कुणी मारलं नव्हतं, रागावलं नव्हतं, हाकललं नव्हतं. बसू दिलं होतं. अजून दोन वर्षं अशीच बसली तर तिच्या हाती आलेले शब्दही जातील, हे मला दिसत होतं, पण मी त्या माणसाला कोणत्या तोंडानं सांगू?

तशीच मनीषाकडं गेले. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. मी वहीचं सांगितलं, म्हणाले, "शाळेत जाऊन बोलायला पाहिजे." ती म्हणाली, "कशाला बाई? तिथून तक्रार न्हाय. सुखानं जाती, सुखानं येती. पयल्यांदाच जरा बरं चाललंय. उगं गुरुजींना कशाला दुखवायचं?"

तिला उठवायचं तर एकच रस्ता होता. मी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं आणि सांगून टाकलं. गाडी दोनदा आली होती. पहिल्यांदा मी श्रावणीला नीट बघूच दिलं नाही, आणि दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तेव्हा मी त्यांचं तोंड बंद केलं. सव्वा वर्ष मी घालवलं. ती झाडाला बांधली गेली ती माझ्यामुळं. आणि आता गुरुजी तेच करतायत, माझ्याच शब्दांत, म्हणून मला ओळखू आलं. सांगताना माझा तो प्रसिद्ध आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

मनीषानं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफल बाजूला टाकलं. मला वाटलं आता उठा म्हणेल, पुन्हा दारात येऊ नका म्हणेल, आणि ते बरोबरच होईल. तिनं हात झटकले, पदराला पुसले, आणि चपला पायात घालत म्हणाली,

"मला ठावं हाय बाई. दुसऱ्या वक्ताला गाडी आली तवा म्या बाटली द्यायला आले व्हते, खिडकीखालीच उभी व्हते. डॉक्टरीण तिला परत हाक मारणार, तेवढ्यात तुमी 'गुणी हाय' म्हणाला, अन् म्या हात जोडले, म्हणलं वाचलो. आत यायला पाय मला बी व्हते की. उठा आता, गुरुजी पाचला कुलूप लावून जातेत."